आधी सोवळे सुटले, मग बाप्तिस्मा

शनिशिंगणापूरचा चौथरा एप्रिल २०१६ मध्ये स्त्रियांना खुला झाला, तेव्हा आम्हाला त्याच नगर जिल्ह्यात राहिलेल्या लक्ष्मीबाई टिळक आठवल्या.

जन्म १८६८, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडील इतके सोवळे की मीठसुद्धा धुऊन घेत! अकराव्या वर्षी लग्न. पती नारायण वामन टिळक १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती झाले. बाई नातलगांकडे पंढरपुरात राहिल्या. पुढे नगरला नवऱ्याजवळ आल्या, पण चूल वेगळी, पाणी वेगळे. मूर्तिपूजा एकवेळ सुटते, विटाळ सुटत नाही. माणूस देवाने केला, जाती माणसांनीच केल्या, हे एके दिवशी त्यांना उमगले आणि त्या कुणाच्याही हातचे खाऊ-पिऊ लागल्या. खरा पश्चात्ताप तो. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली.

हा क्रम आम्हाला मोलाचा वाटतो. देव बदलून जात तशीच जपणारे ख्रिस्ती कमी नव्हते. बाबासाहेबांनी त्यावर नेमके बोट ठेवले होते. लक्ष्मीबाई मात्र लपवाछपवी करीत नाहीत. शाळेत न गेलेल्या या बाईने ‘स्मृतिचित्रे’ लिहिली आणि तीत आपल्याच सोवळ्याची यथेच्छ टिंगल केली.