खाशाबा जाधव : ऑलिंपिक पदक आणि दुखावलेला गुडघा



आपल्या राज्यात १५ जानेवारी हा राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. हा दिवस म्हणजे पैलवान खाशाबा दादासाहेब जाधव यांची जयंती. परिपाठात आपण दरवर्षी त्यांची माहिती सांगतो: स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारा खेळाडू. यंदा मात्र मी त्यांचं चरित्र एका वेगळ्याच कारणासाठी पुन्हा वाचलं.

झालं असं, की इथे विरारला क्रीडा सप्ताहाच्या सरावात माझ्या वर्गातल्या एका मुलाचा घोटा मुरगळला. चांगलाच सुजला होता. तरी कबड्डीचा अंतिम सामना खेळू द्या म्हणून तो मागेच लागला. एवढ्याशानं काही होत नाही, असं घरच्यांचंही म्हणणं पडलं. मी नाही म्हटलं. आमचा संघ हरला आणि तो मुलगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आपण बरोबर केलं का, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

खाशाबांचा जन्म १९२६ सालचा, सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या गोळेश्वर गावातला. वडील स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. लहानपणीच तांबड्या मातीत उतरले. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकले, पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. अंगापिंडानं लहान, पण चपळाई अशी की समोरच्याला कळायच्या आत डाव पडलेला असायचा.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं ते लंडन ऑलिंपिकला गेले. तिथे कुस्ती गादीवरची, नियम वेगळे, सगळंच नवं. तरीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. मग पुढची चार वर्षं त्यांनी कसून तयारी केली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायची वेळ आली तेव्हा प्रश्न पैशाचा होता. गावोगाव वर्गणी गोळा झाली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचं घर गहाण टाकून पैसे उभे केले. आपल्या विद्यार्थ्यासाठी एक शिक्षक काय करू शकतो, याचं याहून मोठं उदाहरण मला तरी माहीत नाही.

हेलसिंकीत बँटमवेट गटात त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. नंतर जपानच्या शोहाची इशी यांच्याशी मोठी झुंज झाली. त्यात खाशाबा हरले आणि दमून गेले. त्यानंतर लगेचच त्यांना सोव्हिएत मल्लाशी लढायला उतरवण्यात आलं. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती, पण तो नियम पुढे करून भांडायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असं सांगितलं जातं. ती कुस्तीही गेली. पदक मिळालं ते कांस्य.

इथे मी थांबले. खाशाबांनी स्वतः नाही म्हणायला हवं होतं का? मला नाही वाटत. आखाड्यात उभा असलेला पैलवान कधी मी दमलोय म्हणत नाही, आणि त्यानं म्हणावं अशी अपेक्षाही करू नये. ते म्हणायचं काम कडेला उभ्या असलेल्या माणसाचं. त्या दिवशी तो माणूसच नव्हता.

गावी परतल्यावर शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. खाशाबांनी मात्र आधी कुस्त्यांचे फड भरवले आणि आलेल्या पैशातून प्राचार्यांचं कर्ज फेडलं. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. पुढचं लक्ष्य होतं १९५६ चं मेलबर्न. पण त्याआधीच गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि ते स्वप्न तिथेच राहिलं.

ही किंमत लहान नव्हती. भारताला पुढचं वैयक्तिक पदक मिळायला १९९६ साल उजाडावं लागलं. दुखऱ्या गुडघ्यानिशी ते उतरले असते तर काय झालं असतं, हे कुणीच सांगू शकत नाही. पण गुडघा कायमचा गेला असता तर पुढची पंचवीस-तीस वर्षं पोलिसातली नोकरी त्यांनी कशी केली असती? ती त्यांनी पूर्ण केली, खात्यात खेळाडूंना शिकवलंही, आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले.

आता दुसरी बाजू. खेळ थांबला आणि लोक त्यांना विसरले. उतारवयात पैशाची ओढाताण झाली. १९८४ मध्ये रस्ता अपघातात त्यांचं निधन झालं. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर, पंधराहून अधिक वर्षांनी. दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव २०१० मध्ये दिलं गेलं.

आपली मुलं दुखणं का लपवतात, याचं उत्तर मला इथे सापडलं. त्यांना दुखण्याची भीती वाटत नाही. बाहेर बसलो की आपण कुणाचेच नाही, याची भीती वाटते.

आज कुस्तीत डॉक्टर लढत थांबवू शकतात. क्रिकेटमध्ये डोक्याला मार लागला तर २०१९ पासून बदली खेळाडू उतरवता येतो. म्हणजे निर्णय एकट्या खेळाडूवर सोडायचा नाही, हे जगानंही मान्य केलंय. शाळेच्या मैदानावर डॉक्टर नसतो, आपण असतो. म्हणून प्रत्येक सामन्याला एका शिक्षकाचं काम फक्त एवढंच ठेवा: कोण लंगडतंय, कोण हात धरून उभं आहे, ते बघायचं आणि त्याला बाहेर काढायचं. पालकांनी त्या शिक्षकाच्या पाठीशी उभं राहावं.

आणि बाहेर काढलेल्या मुलाला घरी पाठवू नका. माझं चुकलं ते इथे. मी त्याला खेळू दिलं नाही हे बरोबरच होतं, पण सामन्याच्या वेळी तो एकटाच वर्गात बसून होता. त्याला संघासोबत बसवायला हवं होतं, गुण लिहायला द्यायला हवे होते. तिसऱ्या दिवशी मी त्याला हे सांगितलं आणि खाशाबांची गोष्टही सांगितली. घोटा बरा झाल्यावर आता तो पुन्हा सरावाला येतो.