शमशोन : बळ कशासाठी दिले होते?



शमशोन म्हटले की लांब केसांचा बलदंड पुरुष आणि त्याला फसवणारी दलीला आपल्या डोळ्यांपुढे येतात. बाईच्या नादाने मोठा माणूस बुडाला, एवढाच बोध घेऊन आपण पान उलटतो. परंतु शास्ते या ग्रंथाचे १३ ते १६ हे अध्याय सावकाश वाचले, तर त्याची घसरण खूप आधी सुरू झाली होती हे आपल्या ध्यानात येते.

इस्राएल लोक ४० वर्षे पलिष्ट्यांच्या सत्तेखाली होते. त्या काळात दान वंशातील मानोहाच्या निपुत्रिक पत्नीला देवदूताने पुत्राचे वचन दिले. हा मुलगा गर्भापासून नाजीर, म्हणजे देवाला वाहिलेला असणार होता. त्याच्या डोक्याला वस्तरा लागणार नव्हता आणि आपल्या लोकांच्या सुटकेला तो आरंभ करणार होता. म्हणजे बळ मिळण्याआधीच त्या बळाचे काम ठरले होते.

शमशोनाने मात्र ते बळ स्वतःच्या भांडणांत खर्च केले. तिम्ना येथे लग्नात ३० पोशाखांची पैज हरला, तेव्हा अष्कलोनच्या ३० माणसांना मारून त्यांचे कपडे आणले. बायको दुसऱ्याला दिली म्हणून ३०० कोल्ह्यांच्या शेपट्यांना मशाली बांधून उभी पिके जाळली. त्याचा सूड म्हणून पलिष्ट्यांनी ती मुलगी व तिचा पिता यांनाच जाळले. यहूदाच्या ३००० माणसांनी घाबरून त्याला शत्रूच्या हवाली केले, तर त्याने गाढवाच्या जबड्याच्या हाडाने १००० जणांना लोळवले. २० वर्षे तो शास्ता होता, पण त्याने लोकांना एकत्र केले असे कुठे वाचायला मिळत नाही. त्याच्या प्रार्थनाही दोनच आढळतात : एक तहान लागली तेव्हा, दुसरी मरताना.

येथे एक प्रश्न उभा राहतो. तो असा वागत असताना त्याचे बळ टिकले कसे? संत थॉमस अक्वायनस यांनी केलेला भेद येथे उपयोगी पडतो. काही कृपादाने इतरांच्या भल्यासाठी दिलेली असतात. माणसाला पवित्र करणारी कृपा वेगळी. पहिली आहे म्हणून दुसरीही आहे, असे होत नाही. शमशोन येथेच फसला. हात चालत होते, म्हणून देवाशी सारे ठीक आहे असे त्याला वाटले. दलीलेच्या मांडीवर केस कापले गेले, तरी जाग आल्यावर नेहमीप्रमाणे सुटून जाऊ याच भरवशात तो होता. त्याचे बळ काही केसांत नव्हते. केस ही केवळ व्रताची शेवटची खूण होती.

ज्या गज्जा नगराच्या वेशीचे दरवाजे त्याने एका रात्री खांद्यावरून नेले होते, त्याच नगरात डोळे काढलेला शमशोन तुरुंगात जाते ओढू लागला. तेथे त्याचे केस पुन्हा वाढू लागले. देवाने त्याला टाकले नव्हते. दागोनाच्या मंदिरात त्याने देवाला हाक मारली, ती आपल्या डोळ्यांच्या सूडासाठी; तरीही देवाने ती ऐकली. खांब कोसळले आणि शत्रूंबरोबर तोही मेला. इब्री लोकांस पत्राच्या ११ व्या अध्यायात विश्वासवंतांच्या यादीत त्याचे नाव आहे.

आपल्यातही कोणाला गोड गळा आहे, कोणाला वाणी, कोणाला पैसा, कोणाला पुढारपण. आम्हा धर्मगुरूंना वेदीची सेवा लाभली आहे. लोक वाहवा करतात, कामे यशस्वी होतात. यावरून आपले अंतःकरण देवाजवळ आहे असे आपण समजू नये. माझे दान कोणाच्या उपयोगी पडते? आणि गरज नसताना मी प्रार्थना करतो का? हे दोन प्रश्न आपण या आठवड्यात स्वतःला विचारू या.

डोळे शाबूत असतानाच आपल्याला दिसावे, अशी कृपा प्रभू आपणा सर्वांना देवो.