तळपद्यांचे विमान आणि पुराव्याचा प्रश्न

गिरगावात, विशेषतः खोताच्या वाडीच्या आसपास, शिवकर बापूजी तळपदे हे नाव आजही आपुलकीने घेतले जाते. वाडीला ज्यांचे नाव मिळाले ते दादोबा वामन खोत पाठारे प्रभू ज्ञातीचे. तळपदेही त्याच ज्ञातीचे आणि जवळच्याच चिराबाजारचे रहिवासी. १८९५ साली, म्हणजे राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, त्यांनी चौपाटीवर ‘मरुत्सखा’ हे मनुष्यविरहित विमान उडविले, अशी कथा आहे. आमच्या महाविद्यालयातील मुले ती आता इतिहास म्हणून सांगतात. तेव्हा ती तपासून पाहणे हे कोणाच्या अभिमानाला धक्का देण्यासाठी नव्हे, तर ज्यांच्याविषयी ती सांगितली जाते त्यांना न्याय मिळावा म्हणूनच आवश्यक आहे.

तळपदे १८६४ साली मुंबईत जन्मले. सर जे. जे. कलाशाळेत ते शिकले आणि पुढे तेथेच त्यांनी अध्यापन केले. चिरंजीलाल वर्मा या गुरूंमुळे ते स्वामी दयानंदांच्या ‘ऋग्वेदादिभाष्यभूमिके’कडे वळले. वेदांत विमानविद्या आहे, असे त्या ग्रंथाचे प्रतिपादन होते. आर्यसमाज तर १८७५ साली गिरगावातच स्थापन झालेला. परसत्तेखाली स्वत्व शोधणाऱ्या त्या पिढीला हे प्रतिपादन केवढे आकर्षक वाटले असेल, याची कल्पना करता येते. शिवाय तो काळच उड्डाणाच्या ध्यासाचा होता. जर्मनीत ओटो लिलिएन्थाल टेकडीवरून पंख लावून तरंगत होते. १८९६ साली त्यातच त्यांचा अंत झाला. अशा वेळी चिराबाजारातील एका कलाशिक्षकाने विमानाचा प्रयत्न करावा, यात हसण्यासारखे काहीच नव्हते.

प्रश्न पुढचा आहे. विमान पंधराशे फूट चढले, न्यायमूर्ती रानडे व सयाजीराव महाराज उपस्थित होते, ‘केसरी’त वृत्त आले, असे सांगतात; पण सांगणाऱ्यांच्या कथनात अंकाची तारीख नसते. यंत्र पाऱ्यावर चालले म्हणतात; पण पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, तो यंत्राला वर कसा नेई याचा हिशेब नाही, आराखडा नाही, छायाचित्र नाही. साध्या पेढीवरचा कारकूनही पावतीवाचून खर्चाची रक्कम मांडून घेत नाही!

अमेरिकेत सॅम्युएल लँग्ली यांनी ६ मे १८९६ रोजी असेच मनुष्यविरहित यंत्र पोटोमॅक नदीवर सुमारे ३,३०० फूट अंतर उडविले. टेलिफोनचे जनक बेल तेथे हजर होते. त्यांनी छायाचित्र घेतले आणि पाहिलेले लिहून प्रसिद्ध केले. त्याच लँग्लींचे माणूस नेणारे यंत्र १९०३ साली दोनदा नदीत कोसळले. तीही नोंद तितकीच स्वच्छ आहे. विज्ञानात अपयशालाही दप्तरी जागा असते. दंतकथेत ती नसते.

तळपद्यांच्या बाबतीत अपयशाची अशी एक नोंद आहे, पण ती कोणी सांगत नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा आधार आज दिला जातो, ते सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात सांगितले व दुसऱ्याने लिहून घेतले. तळपदे १९१६ सालीच निवर्तले होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली या ग्रंथाची छाननी केली. ग्रंथ १९०४ पूर्वीचा ठरत नाही आणि त्यातील विमाने उडू शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. शास्त्रींच्या चरित्रवृत्ताच्या आधारे त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदविली : शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली तळपद्यांनी प्रतिकृती केल्या, परंतु त्यांतील एकही उडविण्यात त्यांना यश आले नाही. १८९५ साली ज्याचे विमान पंधराशे फूट चढले, त्याच्या हातून पुढे साधी प्रतिकृतीही उडू नये, हे कोडे कथा सांगणाऱ्यांनी सोडवावे.

कल्पित कथेला माझा विरोध नाही. ज्यूल व्हर्नची चंद्रप्रवासाची कथा १९०० च्या सुमारास ‘केरळकोकिळ’ मासिकातून मराठीत आली, ती वाचकांनी कथा म्हणूनच वाचली. जानेवारी २०१५ च्या अखेरीस तळपद्यांवर ‘हवाईजादा’ हा हिंदी चित्रपट आला. त्याने मनाला येईल तसे रंगविले तरी बिघडत नाही. बिघडले ते त्याच महिन्याच्या आरंभी, मुंबई विद्यापीठात भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये. तेथे प्राचीन विमानांचे तेच दावे निबंध म्हणून वाचले गेले. चित्रपटाला तिकीट काढून जाणाऱ्याला आपण काय पाहतो आहोत हे ठाऊक असते. विज्ञान परिषदेत बसलेल्या विद्यार्थ्याला ते कोण सांगणार?

तळपद्यांनी ‘प्राचीन विमान कलेचा शोध’ या नावाचे एक पुस्तकही लिहिले होते. त्यांच्या नावाने छाती फुगविणाऱ्या किती जणांनी ते उघडून पाहिले असेल, याची मला शंका आहे.