डिस्नेलँडच्या आधी वॉल्ट डिस्ने यांच्या अंगणात धावायची रेल्वे. ती बंद का झाली?

मिकी माऊसचे जनक वॉल्ट डिस्ने (१९०१-१९६६) यांना रेल्वेचे वेड लहानपणापासूनच होते. किशोरवयात त्यांनी रेल्वेगाड्यांत वर्तमानपत्रे आणि खाऊही विकला.

अंगणात रेल्वे कशी आली?
१९५० मध्ये लॉस एंजेलिसमधील घराभोवती त्यांनी सुमारे ८०० मीटरचा लोहमार्ग टाकला. दोन रुळांतील अंतर फक्त सव्वासात इंच. वाफेचे इंजिन खऱ्या इंजिनाच्या एक अष्टमांश आकाराचे. पत्नी लिलियन यांच्यावरून त्याचे नाव ठेवले 'लिली बेल'. लिलियन यांची फुलझाडे वाचावीत म्हणून मार्ग बोगद्यातून नेला.

रुळांखाली खडी का लागते?
गाडी छोटी असली तरी नियम तोच. टोकदार खडी एकमेकांत अडकून स्लीपर जागेवर धरते आणि पावसाचे पाणी झिरपू देते. गोल गोटे मात्र सरकतात.

मग रेल्वे बंद का झाली?
१९५३ मध्ये एक पाहुणा चालवत असताना गाडी घसरली आणि वाफेने एक लहान मुलगी भाजली. डिस्ने यांनी रेल्वे बंद केली. हौस मात्र सुटली नाही. १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले, तेव्हा उद्यानाभोवती वाफेची रेल्वे धावत होती.