हॉपरबाई आणि वाचता येणारा प्रोग्राम

दोन स्ट्रिंग सारख्या आहेत का, हे बघायला सीमध्ये आपण स्ट्रकम्प वापरतो. सारख्या असल्या की ते शून्य देतं, आणि सीमध्ये शून्य म्हणजे खोटं! म्हणून बरेच जण 'सारखं असेल तर' म्हणायला पुढे उद्गारचिन्ह, म्हणजे 'नाही', लावतात. वाचणाऱ्याला उलटाच अर्थ लागतो. अशा वेळी मला ग्रेस हॉपर आठवतात.

हॉपरबाईंचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कचा. व्हासार कॉलेजात शिकवता शिकवता १९३४ मध्ये त्यांनी येल विद्यापीठाची गणितातली पीएचडी मिळवली. दुसऱ्या महायुद्धात नौदलात जायचं ठरवलं, तर वय जास्त आणि वजन कमी! तरी जिद्द सोडली नाही. १९४४ मध्ये त्या हार्वर्डच्या मार्क वन कॉम्प्युटरवर रुजू झाल्या आणि १९५२ मध्ये त्यांनी ए-झीरो हा कम्पायलर तयार केला.

त्यांचं म्हणणं साधं होतं. ऑफिसातल्या माणसाने चिन्हं का शिकावीत? मशीनलाच शब्द कळू देत. हे पटवायला त्यांनी कंपनीच्या साहेबांना एक छोटा प्रोग्राम इंग्रजी शब्दांत दाखवला, मग तोच फ्रेंच आणि जर्मन शब्दांत. साहेब हादरले! अमेरिकन मशीनला परकी भाषा कशी कळणार? शेवटी फक्त इंग्रजीवर काम करायचं कबूल करावं लागलं. मी कॉन्व्हेंटची, मला इंग्रजी कीवर्ड जवळचे वाटतात. पण मशीनला सगळ्या भाषा सारख्याच, हे मला हॉपरबाईंमुळे कळलं. शब्द असतात ते माणसासाठी.

त्यांच्या फ्लो-मॅटिक भाषेत दोन गोष्टींची तुलना केली की तीन वाटा शब्दांतच लिहीत: मोठं असेल तर इकडे, समान असेल तर तिकडे, नाहीतर तिसरीकडे. स्ट्रकम्पही तीनच उत्तरं देतं: धन, शून्य, ऋण. फक्त शब्द गेले, आकडे उरले. १९५९ मध्ये सुरू झालेल्या कोबोलवर फ्लो-मॅटिकचा मोठा प्रभाव होता.

१९८६ मध्ये, वयाच्या ७९व्या वर्षी, त्या रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ ला त्यांचं निधन झालं.

आपल्याला कम्पायलर लिहायचा नाही. हेडरमध्ये एका ओळीचा मॅक्रो पुरे: नाव 'स्ट्रिंग समान', आत स्ट्रकम्पचं उत्तर शून्याइतकं आहे का ही तपासणी. मग इफची ओळ सरळ वाचता येते. आपला प्रोजेक्ट पुढच्या वर्षी ज्युनियर उघडतील, तेव्हा समजावून सांगायला आपण इथे नसू.