कातडी काळी करून घेतलेला पत्रकार : जॉन हॉवर्ड ग्रिफिन



मी निवृत्त नर्स. सध्या मुलीकडे फ्रिस्कोला, टेक्सासमध्ये असते. नातीनं वाचनालयातून एक जुनं पुस्तक आणलं आणि ते वाचताना आपलीच एक गोष्ट मला आठवली. पुस्तकाचं नाव ‘ब्लॅक लाइक मी’. लिहिणारे जॉन हॉवर्ड ग्रिफिन इथून मोटारीनं तासाभरावरच्या मॅन्सफिल्ड गावात राहत.

ग्रिफिन यांचा जन्म १९२० साली डॅलसला झाला. लहान वयातच ते शिकायला फ्रान्सला गेले. महायुद्ध आलं तेव्हा तिथल्या गुप्त चळवळीत शिरून त्यांनी यहुदी मुलांना देशाबाहेर काढायला मदत केली. पुढे अमेरिकन सैन्यात असताना स्फोटात मार बसला आणि त्यांची दृष्टी गेली. दहा वर्षं ते आंधळे होते. तरी गुरं पाळली, कादंबऱ्या लिहिल्या, संसार मांडला. १९५७ साली त्यांना परत दिसू लागलं.

अमेरिकेच्या दक्षिणेत तेव्हा काळ्या लोकांना सगळंच वेगळं होतं. त्यांचं खरं जगणं गोऱ्या माणसाला बाहेरून कळणार नाही, असं ग्रिफिन यांना वाटलं. १९५९ च्या नोव्हेंबरात ते न्यू ऑर्लिन्सला गेले आणि त्वचेच्या डॉक्टरकडून कोडावर देतात त्या गोळ्या घेतल्या. आम्ही वॉर्डात या गोळ्या दिल्यात. त्यानं कातडी उजेडाला हळवी होते, जास्त झालं तर भाजते, मळमळतं. त्यावर ते दिव्याखाली तासन् तास पडून राहत. वरून रंग चोळला, डोकं भादरलं.

नाव, शिक्षण, बोलणं काहीच बदललं नाही. बदलला तो फक्त रंग. तरी पाणी प्यायला आणि लघवीला जागा शोधत मैलभर चालावं लागे. मिसिसिपीत बस थांबली तेव्हा ड्रायव्हरनं गोऱ्यांना उतरू दिलं, काळ्यांना नाही. साधारण सहा आठवडे ते असे फिरले.

१९६० मध्ये ‘सेपिया’ मासिकात लेख आले, १९६१ मध्ये पुस्तक. गावानं काय केलं? भर रस्त्यात त्यांचा पुतळा करून टांगला. धमक्यांपायी बायकामुलांना घेऊन त्यांना काही महिने मेक्सिकोत राहावं लागलं. पण ते गप्प बसले नाहीत. पुढे वर्षानुवर्षं गावोगावी व्याख्यानं देत राहिले. १९८० साली, साठाव्या वर्षी ते वारले. त्या गोळ्यांमुळे कॅन्सर झाला ही अफवा आहे. ते मधुमेहानं गेले.

आता आपली गोष्ट. इस्राएलमध्ये लग्नासाठी आपल्या लोकांच्या पूर्वजांची चौकशी होऊ लागली, तेव्हा आपण केवढे चिडलो! १९६४ ला ते मिटलं. आणि घरात? गोरे इस्राएल, काळे इस्राएल हे आपणच म्हणत होतो ना? माझ्या मोठ्या भावाला एक मुलगी पसंत होती. चांगली शिकलेली, देवभीरू. ती काळ्या इस्राएलांची, म्हणून आजीनं मोडता घातला. मी तेव्हा नर्सिंगला होते. सगळ्यांचं रक्त एकाच रंगाचं हे रोज बघत होते. तरी घरी तोंड उघडलं नाही. भावानं पुढे लग्नच केलं नाही.

नातीनं विचारलं, आपल्यात असं कधी होतं का गं? नाही म्हणणं सोपं होतं. पण मी तिला सगळं सांगितलं. भावाचं नाव घेऊन सांगितलं.