बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षं

आमच्या आजीच्या उशाशी एक जाडजूड बायबल असायचं. पंडिता रमाबाईंचं भाषांतर, असं ती अभिमानाने सांगायची. लहानपणी मला रमाबाई एवढ्याच माहीत होत्या. पुढे शाळेच्या पुस्तकात त्या समाजसुधारकांच्या यादीत भेटल्या, पाच गुणांच्या प्रश्नापुरत्या. मंडळाच्या या अंकासाठी त्यांच्यावर लिही असं सरांनी सांगितलं तेव्हा मी जरा नाखुशीनेच वाचायला बसले. आणि वाचता वाचता एका जागी अडकले. तिथेच खूप दिवस अडकून होते, म्हणून तिथल्याबद्दलच जास्त लिहिणार आहे.

आधी थोडं मागचं. रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात. आज तो भाग कर्नाटकात येतो, त्यामुळे आम्हां बेळगावकरांना त्या जरा जास्तच जवळच्या वाटतात. (कन्नडही त्यांना येत होतं, हे आमच्या भागातल्या भांडखोर मंडळींनी ध्यानात घ्यावं.) वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून ब्रह्मवृंदाचा रोष ओढवून घेतला होता. आईने रमेला शिकवलं. हे कुटुंब तीर्थं हिंडत, पुराणं सांगत जगायचं. लोकांनी दिलेलं पुन्हा दानधर्मात जायचं. मग दुष्काळ आला. भीक मागायची नाही, अंगमेहनतीची सवय नाही, देव धावून येईल ही आशा. झाडपाला खाऊन दिवस काढले. वडील गेले, आई गेली, बहीण गेली. आईची तिरडी उचलायला माणसं पुरेनात. रमा एक बाजू धरायला निघाली, पण तिची उंची कमी. खांद्यावर घेता येईना, म्हणून तिने तो भार डोक्यावर घेतला. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

भाऊ श्रीनिवास आणि ती हजारो मैल पायी फिरले. झेलम नदीच्या काठी थंडीत वाळूत खड्डा करून, अंगावर वाळू ओढून झोपले. १८७८ला कलकत्त्याला पोचले तेव्हा तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. गंमत बघा, नेमकं तेव्हाच तिचा शास्त्रांवरचा विश्वास उडत चालला होता. स्त्रियांबद्दल धर्मग्रंथ काय म्हणतात ते तिने स्वतः वाचलं होतं. १८८०मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी तिने लग्न केलं, जातीबाहेर. मुलगी झाली, मनोरमा. १८८२च्या फेब्रुवारीत कॉलऱ्याने नवराही गेला. वय तेवीस.

पुढे पुण्यात आर्य महिला समाज काढला, आणि १८८३ला त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या जोगिणींच्या मठात राहिल्या. जोगिणींच्या एका आश्रमात समाजाने टाकून दिलेल्या बायकांना प्रेमाने वागवतात हे त्यांनी पाहिलं, आणि विहिरीवरच्या शमरोनी बाईची गोष्ट त्यांना नव्याने कळली. बुद्धीच्या शंका फेडल्या त्या फादर नेहेम्या गोरे यांच्या पत्रांनी. ते काशीत वाढलेले मराठी ब्राह्मण पंडित, म्हणजे तेही आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेरचे मराठी. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंचा आणि लहानग्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

मला वाटलं, झालं. आता शांती, समाधान, आनंद. आमच्याकडे साक्षी अशाच असतात ना, बाप्तिस्मा झाला आणि सगळं बदललं! रमाबाईंचं तसं झालं नाही.

मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांना त्या आजीबाई म्हणायच्या. त्याच आजीबाईंशी त्यांचे पत्रांतून वर्षानुवर्षं खटके उडाले. त्रैक्य कसं मानायचं, बिशपांचं किती ऐकायचं, स्वतःच्या विवेकाचं किती. एका पुरोहितांच्या हाताखालून निघून दुसऱ्यांच्या हाताखाली जायला त्या तयार नव्हत्या. इकडे मायदेशी टीकेची झोड उठली होती. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५मध्ये 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. रमाबाई अमेरिकेला गेल्या, पुस्तक लिहिलं, पैसा उभा केला, १८८९च्या मार्चमध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, बाई पोचल्या. आतून मात्र रितं होतं. आपल्याला धर्म मिळाला, ज्याचा तो धर्म तो मात्र अजून भेटला नाही, अशी काहीशी कबुली त्यांनी नंतर स्वतःच्या साक्षीत दिली आहे.

इथे मी अडकले. कारण मी जन्माची ख्रिस्ती. तान्हेपणी बाप्तिस्मा, दृढीकरण, गायनवृंदात दुसरी ओळ. प्रार्थना तोंडपाठ. आणि कित्येक रविवारी आत काहीच हलत नाही. हे मी घरी कधी बोलले नव्हते. मला वाटायचं, खोट माझ्यात आहे.

१८९१च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचं आत्मचरित्र त्यांच्या हाती पडलं. हा गृहस्थ पाळक असूनही आतून कोरडा होता आणि स्वतःच्याच व्यासपीठावर उपदेश करता करता त्याचं परिवर्तन झालं. रमाबाईंना आपली अवस्था त्यात दिसली. काही दिवस तळमळीत गेले. मग त्यांनी सगळे युक्तिवाद खाली ठेवले आणि आपल्याला काहीच कमावता येत नाही, फक्त घेता येतं, हे मान्य केलं. अनंतशास्त्रींच्या घरात सगळी तीर्थं, सगळी व्रतं करून जे हाती लागलं नव्हतं ते असं फुकट मिळतं, हे त्या पंडितेला पटायला आठ वर्षं लागली.

बरं, समाधान मिळालं म्हणून दिवस सोपे झाले का? उलट. खोलीचं दार उघडं ठेवून त्या प्रार्थना करू लागल्या, सदनातल्या मुली येऊन बसू लागल्या, आणि १८९३मध्ये पुण्यात वादळ उठलं. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. खरं सांगायचं तर पालकांची बाजू मला अगदीच चूक वाटत नाही. त्यांनी शाळेचा शब्द घेऊन मुली पाठवल्या होत्या. पण रमाबाईंना आता दार बंद करणं शक्य नव्हतं, हेही कळतं.

१८९६-९७ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. १९००मध्ये गुजरातेतून आणखी. केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभं राहिलं. झाडपाला खाल्लेल्या बाईला भुकेल्या पोरी ओळखायला वेळ लागला नसेल. १९०५च्या तिथल्या उज्जीवनाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, ते इथे सोडते.

त्यानंतरची वर्षं त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी करत बसल्या, खेड्यातल्या बाईला समजेल असं. छपाई मुक्तीतच, खिळे जुळवायलाही तिथल्याच मुली. १९२१च्या जुलैमध्ये मनोरमा गेली. त्या कामावर बसून राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. संपूर्ण बायबल १९२४मध्ये छापून निघालं.

परवा सुटीत आजीकडे गेले होते. तिला मी त्या आठ वर्षांबद्दल सांगितलं, आणि माझ्या रविवारांबद्दलही. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, तिला तर आठांहून जास्त लागली होती.